झाकण उचलून खाली उतरणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भूमिगत गटारांत आणि जुन्या भुयारांत हौसेने उतरणाऱ्या, तिथे फिरून व्हिडिओ करणाऱ्या सर्वांस,

मित्रांनो,

तुमचे व्हिडिओ मी आवर्जून बघतो. विटांची कमान, घोट्याएवढं पाणी, हेल्मेटवरच्या दिव्याचा झोत, आणि मग कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणतं, "वास फारसा नाहीये रे, चल पुढे." इथे मी व्हिडिओ थांबवतो. तो अपलोड झालाय म्हणजे तुम्ही सुखरूप वर आलात, एवढं मलाही कळतं. पण त्या एका वाक्यावर तुम्ही सगळे विसंबलात, आणि तेच वाक्य तिथे सगळ्यांत खोटं ठरू शकतं.

माझी ओळख एवढीच की वाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी माणसं खाली उतरतात तेव्हा त्यांच्याआधी खालची हवा मोजायची, ठीक असेल तर परवान्यावर सही करायची, नसेल तर काम थांबवायचं, हा माझा उद्योग. काम थांबवणारा माणूस कुणालाच आवडत नाही. त्यामुळे हे पत्र तुम्हाला आवडावं अशी अपेक्षा नाही, शेवटपर्यंत वाचावं एवढीच आहे. कायदा, दंड, परवानगी या विषयात मी शिरत नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं तुम्ही किती ऐकता ते दिसतंच आहे. मी फक्त हवेबद्दल लिहितो.

वासापासून सुरुवात करू. हायड्रोजन सल्फाइड हा गटारातला मुख्य मारेकरी. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास माणसाला अतिशय कमी प्रमाणात येतो, हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कितीतरी कमी असला तरी. दहा लाखांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. आमच्या यंत्राचा पहिला भोंगा साधारण १० पीपीएमला वाजतो. १०० पीपीएमच्या आसपास मात्र उलटंच घडतं. काही मिनिटांत नाकाची वास घेणारी यंत्रणा बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणूस म्हणतो, हवा सुधारली. हवा सुधारलेली नसते, नाक गेलेलं असतं. ५०० ते ७०० पीपीएमला पाच-एक मिनिटांत पाय लटपटून माणूस कोसळतो, तिथेच पडून राहिला तर अर्ध्या-एक तासात संपतो. ७०० ते १००० च्या पट्ट्यात एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते, आणि त्याच्याही वर गेलं की खोकला नाही, हाक नाही, माणूस उभ्याचा आडवा. १००० पीपीएम म्हणजे हवेचा फक्त एक दशांश टक्का. उरलेली ९९.९ टक्के हवा चांगली असून उपयोग नसतो.

म्हणजे "वास फारसा नाहीये" या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, खरोखरच गॅस नाही. दोन, गॅस इतका आहे की नाकाने काम सोडलंय. खाली उभं राहून या दोन्हींतला फरक ओळखायला तुमच्याकडे काहीही साधन नाही. पहिल्या वळणावर वास येत होता आणि तिसऱ्या वळणावर कमी झाला, असं व्हिडिओत कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

हा वायू शरीरात जे करतो ते सायनाइडच्याच जातीचं आहे. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, त्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम तो अडवतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पेशीच्या दारापर्यंत पोहोचतोही, पण आत त्याचा वापर होत नाही. सगळ्यांत आधी मेंदू बंद पडतो. म्हणून "चक्कर आली तर लगेच मागे फिरू" हा बेत कागदावरच राहतो. मागे फिरायचं हे ठरवणारा अवयवच आधी जातो.

आता तो तिथे येतो कुठून? वाहिनीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली, बुळबुळीत थर असतो. त्या थराच्या पोटात ऑक्सिजन पोहोचत नाही, आणि तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटवर जगतात. त्यांच्या जगण्याचा उरलासुरला पदार्थ म्हणजे हा सल्फाइड. उष्णता जास्त, प्रवाह संथ, गाळ जाड, की त्यांची चंगळ. तयार झालेला वायू लगेच हवेत येत नाही. बराचसा पाण्यात विरघळून आणि गाळात अडकून राहतो. सोड्याची बाटली जोवर हलत नाही तोवर शांत दिसते, तसं ते पाणी शांत दिसतं. पाणी उंचावरून खाली पडतं तिथे, पंपाचा दाबाचा नळ जिथे गटारात मोकळा होतो तिथे, आणि तुमचा गमबूट गाळात रुततो तिथे तो एकदम सुटतो.

हे मी रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. झाकण उघडल्यावर आम्ही लगेच वाकून बघत नाही. वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि यंत्राची नळी खाली सोडायची. आधी तोंडाशी, मग मध्यावर, मग पाण्याच्या वर वीतभर. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कारण लांब नळीतून हवा वर यायला वेळ लागतो आणि सेन्सरलाही आकडा पक्का करायला अर्धा मिनिट तरी लागतो. घाई करणाऱ्याला यंत्र नेहमी गोड बातमी देतं. तिन्ही आकडे चांगले आले की नवखा माणूस म्हणतो, झालं. मग आम्ही लांब बांबूने तळाचा गाळ ढवळतो. बुडबुडे येतात, आणि आत्तापर्यंत शून्य-दोन-तीन दाखवणारा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. कधी मापाच्या पलीकडे जातो आणि पडद्यावर आकड्याऐवजी नुसती चूक दाखवणारी खूण उरते. हवा तीच, जागा तीच, फरक फक्त बांबूचा. तुम्ही चालता तेव्हा तो बांबू म्हणजे तुमचे पाय असतात. आणि तुमच्यात जो सगळ्यांत मागे चालतो तो पुढच्या सगळ्यांनी ढवळलेल्या गाळातून चालतो. पुढच्याला काही झालं नाही याचा मागच्याला काहीच आधार नाही.

दुसरं म्हणजे, कालची हवा आजची नसते. कुणीतरी वरच्या अंगाला आम्ल ओतलं, तर पाणी आम्लधर्मी होतं आणि आतापर्यंत निरुपद्रवी रूपात विरघळून राहिलेला सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतो. तुंबलेली मोरी मोकळी करायला ओतलेलं आम्ल असो की कारखान्याने रात्री गुपचूप सोडलेलं असो, खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. पंप सुरू झाला, पहिल्या पावसाने साचलेला गाळ उचलला, की हवा बदलते. "आम्ही या भुयारात कैक वेळा जाऊन आलोय" असं तुम्ही सांगता तेव्हा त्यातून एवढंच सिद्ध होतं की त्या त्या दिवशी त्या त्या वेळी हवा बरी होती.

आता ऑक्सिजन. हा विषय मला हायड्रोजन सल्फाइडपेक्षाही अवघड वाटतो, कारण त्याला ना वास, ना रंग, ना जळजळ. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. अमेरिकेच्या नियमांत १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोकादायक धरतात. १६ च्या आसपास नाडी जलद होते, विचार गोंधळतो. १० ते १२ ला ओठ निळे पडू लागतात, पण माणसाला स्वतःला ठीकच वाटत असतं, कित्येकदा तर उगाच खुशीत असल्यासारखं. त्याखाली शुद्ध जाते. ६ च्या खाली मिनिटाच्या आतच खेळ आटोपू शकतो.

तुम्ही म्हणाल, एवढा ऑक्सिजन कमी झाला तर गुदमरायला होईल, कळेलच की. हाच तो भाबडा समज. पाण्याखाली श्वास रोखल्यावर छाती फुटायला येते ती ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. मिथेन किंवा नायट्रोजन यांनी ऑक्सिजनची जागा घेतलेली असेल, तर तुम्ही श्वास घेताय, सोडताय, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय, शरीराला तक्रार करायला जागाच नाही. तक्रार न करता शरीर बंद पडतं. बरं, ऑक्सिजन खाऊन टाकायला विषारी वायूचीच गरज असते असंही नाही. जिवाणू खातात, गंजणारं लोखंड खातं. म्हणूनच "हे भुयार वापरात नाही, वर्षानुवर्षं बंद आहे, सांडपाणीच नाही, मग गॅस कुठला" हा युक्तिवाद ऐकून मला कपाळावर हात मारावासा वाटतो. वाहतं गटार निदान स्वतःबरोबर थोडी हवा ओढून नेतं. बंद पडलेल्या भुयारात हवा जिथल्या तिथे बसून असते.

बसून असते हे शब्दशः घ्या. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड, कार्बन डायऑक्साइड दीड पट, पेट्रोलची वाफ तर तिप्पट-चौपट. हे सगळे खोलगट भागात जमायला बघतात. मिथेन हलका, हवेच्या साधारण निम्म्या वजनाचा, तो छताशी. उभं असताना काही न जाणवलेला माणूस पडलेली बॅटरी उचलायला वाकतो आणि तिथेच राहतो, ते यामुळे.

मिथेन स्वतः विषारी नाही. तो हवेत ५ ते १५ टक्के असला आणि ठिणगी मिळाली की स्फोट होतो. तुमचा फोन, कॅमेरा, डोक्यावरचा दिवा, ड्रोन, यांतलं काहीही स्फोटक वातावरणासाठी बनवलेलं नसतं. त्यासाठीची उपकरणं वेगळी येतात, महाग असतात, दिसायला ओबडधोबड असतात आणि व्हिडिओ चांगला काढत नाहीत.

गटारात नुसता मैला वाहतो हा समज सोडा. १३ फेब्रुवारी १९८१ ला अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यातून हेक्झेन नावाचं द्रावक गटारात गेलं होतं. पहाटे वरून जाणाऱ्या एका गाडीच्या ठिणगीने वाफ पेटली असं मानलं जातं. रस्त्यांखालून स्फोट धावत गेला आणि मैलभराहून जास्त लांब रस्ते उखडले. वेळ पहाटेची होती म्हणून कुणाचा जीव गेला नाही. मेक्सिकोतलं ग्वादालाहारा शहर एवढं नशीबवान नव्हतं. तिथे पेट्रोलच्या नळाला भोक पडून पेट्रोल गटारात झिरपत होतं. लोक काही दिवस आधीपासून तक्रार करत होते की गटारातून पेट्रोलचा वास येतोय, नळाच्या पाण्यालाही येतोय. वस्ती रिकामी केली गेली नाही. २२ एप्रिल १९९२ च्या सकाळी एकामागून एक स्फोट झाले, कित्येक किलोमीटर रस्ते फाटले, अधिकृत आकड्यानुसारच दोनशेहून अधिक माणसं गेली. ती माणसं तर रस्त्यावर आणि घरात होती. आत कुणी उतरलेलंही नव्हतं.

हे ज्ञान नवं नाही, याचंच वाईट वाटतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० मध्ये शौचकूप उपसणाऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय: त्यांचे डोळे लाल होऊन सुजतात, पुढे दृष्टी जाते आणि खिशातली चांदी-तांब्याची नाणी काळी पडतात. हायड्रोजन सल्फाइडचं नावही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण नाणी काळी पडण्यामागे हाच वायू. लंडनच्या गटारांत एकोणिसाव्या शतकात भंगार, नाणी, हाडं शोधत फिरणारी माणसं होती, त्यांना टॉशर म्हणत. पोटासाठी उतरायचे, तरी एकट्याने जात नसत, छातीशी कंदील बांधलेला असे आणि हातात लांब काठी. त्यांना कुणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं, पण आडव्या अरुंद फाट्यांतल्या हवेची दहशत त्यांनाही होती.

कंदिलावरून आठवलं. "आम्ही आधी मेणबत्ती सोडून बघतो" असं काही जण मला कळवतात. मेणबत्ती विझली तर ऑक्सिजन खूप कमी आहे हे खरं, ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते. पण ती जळत राहिली म्हणून हायड्रोजन सल्फाइड नाही असं होत नाही. माणूस मारायला पुरेसा एक दशांश टक्का वायू ज्योतीच्या खिजगणतीतही नसतो. आणि मिथेन असेल तर तुम्ही नेमकं जे करायला नको तेच केलंत. तोंडाला बांधलेला रुमाल आणि कारागीर वापरतात ते साधे मास्क धूळ अडवतात, वायू नाही. गाळणीचा डबा लावलेले मोठे मास्क ठरावीक वायू ठरावीक वेळ रोखतात, पण ते हवा गाळतात, ऑक्सिजन तयार करत नाहीत. गटारात उपयोगी पडतो तो स्वतःची हवा बरोबर नेणारा संच, किंवा वरून नळीने हवा पुरवणारा. तो चालवायला शिकावं लागतं.

मग काहींनी गॅस मीटर विकत घेतलेत. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण मीटर घेणारे स्वतःला शहाणे समजतात आणि अर्धं शहाणपण इथे फार महागात पडतं.

चार वायू मोजणारं यंत्र ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड दाखवतं. ज्वलनशील वायूचा आकडा हा हवेतली टक्केवारी नसून स्फोटाच्या किमान मर्यादेची टक्केवारी असते. पडद्यावर १० दिसलं म्हणजे मिथेन १० टक्के नाही, अर्धा टक्का. उलट बाजूने, ५० दिसलं तर "अजून निम्मंच आहे" म्हणून थांबणारे लोक मी पाहिलेत. शिवाय बहुतेक यंत्रांतला हा सेन्सर वायू जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फारच कमी असेल तर मिथेनचा आकडा खोटा कमी येतो. सेन्सर म्हातारे होतात, दोन-तीन वर्षांत मान टाकतात, आणि मान टाकलेला सेन्सर शून्यच दाखवतो, जे तुम्हाला बघायचं असतं. म्हणून आम्ही रोज कामाआधी माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू यंत्रावर सोडून ते वाजतं का बघतो. जुनं मीटर स्वस्तात मिळालं म्हणून आनंदाने दाखवणाऱ्यांनी हे कधी केलंय का, मला शंका आहे.

पण समजा मीटर उत्तम आहे, नवं आहे, तपासलेलं आहे. ते वाजलं. आता? आमचा माणूस चढायच्या शिडीपासून फार दूर गेलेला नसतो. त्याच्या अंगात पट्टा असतो, पट्ट्याला दोर, दोर वरच्या तिपाईच्या चरखीला. वर एक माणूस फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायला उभा असतो, दुसरं काहीही करत नाही. दोन्ही बाजूंची झाकणं उघडलेली असतात, ब्लोअर हवा ढकलत असतो, वरच्या अंगाचं पाणी अडवलेलं किंवा वळवलेलं असतं. भोंगा वाजला की तो शिडीकडे वळतो, आणि त्याला वळता आलं नाही तर वरचा माणूस चरखी फिरवतो. तुमचं काय असतं? मागचं झाकण दोन-तीनशे मीटर मागे. पुढचं झाकण आहे की नाही, असलं तर त्यावर गाडी उभी आहे का, माहीत नाही. मीटर वाजल्यावर तुम्हाला तेवढं अंतर त्याच हवेतून, त्याच ढवळलेल्या गाळातून, घाबरून जोरजोरात श्वास घेत पार करायचं आहे. मीटर तुम्हाला संकट सांगतं. बाहेर काढत नाही.

आणि तुमच्यातला एक पडला तर बाकीचे काय करतील ते मला आत्ताच सांगता येतं. धावत जातील. मित्र आहे, जाणारच. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये इशारा दिला होता की बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक आधीच पडलेल्याला वाचवायला गेलेले असतात. बापामागे मुलगा, भावामागे भाऊ, कामगारामागे कामगार, एकाच झाकणातून एकामागून एक. पहिल्याला ज्या हवेने पाडलं ती दुसऱ्यासाठी बदललेली नसते, उलट पहिल्याच्या धडपडीने ढवळलेली असते. त्यात दुसरा धावत आलेला, धापा टाकणारा, म्हणजे प्रत्येक मिनिटाला जास्त हवा ओढणारा. श्वास रोखून जाऊन येईन म्हणणाऱ्याने एखादा बेशुद्ध माणूस सपाट जमिनीवर दहा पावलं ओढून बघावं. श्वास रोखता येतो का ते तिथेच कळेल.

म्हणून कधी तशी वेळ आलीच, तुमच्यावर किंवा तुम्ही रस्त्याने जात असताना कुणा कामगारावर, तर आत उतरू नका. कुणी उतरत असेल तर त्याला धरून ठेवा, शिव्या खाव्या लागल्या तरी. अग्निशमन दलाला फोन करा आणि "माणूस पडलाय" एवढंच न सांगता "बंदिस्त जागेत गॅस लागलाय, श्वसनसंच घेऊन या" असं सांगा, किती जण आत आहेत तेही सांगा. आजूबाजूची झाकणं उघडा, आसपास विडी-सिगारेट पेटू देऊ नका, गाड्या बंद करायला लावा, कारण चालू इंजिनाचा धूरही त्याच भोकातून खाली उतरतो. खालच्या माणसाच्या अंगात दोर असेल तर ओढा. नसेल तर थांबा. ते थांबणं किती जड जातं याची मला कल्पना आहे.

"आम्ही फक्त पावसाळी पाण्याच्या भुयारात जातो, मैल्याच्या नाही" असं म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. तिथे सल्फाइड कमी असतो. पण चोरून जोडलेल्या मैल्याच्या वाहिन्या, सांडलेलं इंधन, कुजलेला पालापाचोळा हे सगळं तिथेही पोहोचतं, आणि वरच्या अंगाला पाऊस पडला तर हवेचा प्रश्न उरतच नाही, पाणीच येतं. जुन्या भुयाराचं छत पाहून "काय कारागिरी!" म्हणता तेव्हा त्याच्या काँक्रीटच्या भागाला बोट लावून बघा. सल्फाइड वर जाऊन ओलसर छतावर बसतो, दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खातं. बोटाला पिठासारखा लगदा लागला, तर तुम्ही ज्याच्याखाली उभे आहात त्याला आता काँक्रीट म्हणण्यात अर्थ नाही.

तुमच्या कुतूहलाला मी नावं ठेवत नाही. जमिनीखालची ही बांधकामं बघण्यासारखी आहेतच, मला स्वतःला ती माझ्या शहराच्या वरच्या इमारतींपेक्षा जास्त आवडतात. पॅरिसने आपली गटारं १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळेपासून लोकांना दाखवायला सुरुवात केली, आज तिथे भुयारातच संग्रहालय आहे. जर्मनीत कोलोनमध्ये गटाराच्या एका दालनात १८९० पासून झुंबर टांगलेलं आहे, तिथे लोकांना नेतात. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या व्हिक्टोरियन गटारांतून सहली निघत आल्या आहेत. तिथे कुणीतरी तुमच्याआधी हवा मोजलेली असते, पाण्याच्या पातळीवर नजर असते आणि बाहेरची वाट ठाऊक असते. आपापल्या नगरपालिकेकडे अशा सहलीची मागणी करा. दहा जणांनी अर्ज केला तर साहेब हसतील, हजार जणांनी केला तर फाइल उघडतील. चित्रीकरणच हवं असेल तर वाहिन्या तपासायला चाकांवरचे कॅमेरे आत सोडतात. त्यांनी टिपलेली दृश्यं मागा. भिंतीतून आत घुसलेली झाडांची मुळं, पाण्यात उलटं दिसणारं छत, सगळं असतं त्यात, आणि कुणाला श्वास घ्यावा लागत नाही.

तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे आणि ती आज रात्रीच होण्यासारखी आहे. तुमच्या जुन्या व्हिडिओंच्या खाली झाकण कुठलं, गजांची जाळी कशी सरकवायची, आत कुठे वळायचं, हे लिहिलेलं असेल तर ते पुसा. व्हिडिओ ठेवा, वाट काढून टाका. प्रतिक्रियांत कुणी "लोकेशन?" विचारलं असेल आणि तुम्ही उत्तर दिलं असेल, तर ते उत्तरही शोधून काढा. तुम्ही तरी निदान दिवा, बूट, चार मित्र घेऊन जाता. तो "लोकेशन?" विचारणारा बहुतेक शाळकरी असतो, आणि तो फोनचा दिवा लावून, चपला घालून जाणार आहे.

हवा मोजणे, मीटर तपासणे, परवाना कसा भरतात याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून सांगेन. फक्त अमुक भुयारात जाऊ का, असं विचारू नका. माझी सही त्यावर मिळणार नाही.

आपला,
भूमिगत वाहिन्यांतली हवा मोजणारा एक तंत्रज्ञ